एका कवडीचे धरणे

पूर्वी वेणुमती नगरीवर बृहत्केतू राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका कारकुनाच्या घरी जन्म घेतला. हत्ती, सिंह, हरणांचा राजा असे भारदस्त जन्म इतर वेळी त्यांच्या वाट्याला आले. या खेपेला कारकुनी आली. चाळीस वर्षे राजाच्या लेखशाळेत ताडपत्रे वाचून ते निवृत्त झाले आणि तेल्यांच्या आळीत राहू लागले. डोळे अधू झाले होते, पण वाचल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय शाबूत होती.

त्यांच्या शेजारी उत्पला नावाची तेलीण राही. घरात ती, ठार बहिरी सासू आणि घाण्याचा बैल नंदक. नवरा वारलेला. दोघींचे पोट त्या बैलाच्या चार पायांवर चाले.

त्याच्या बरीच वर्षे आधी नगरातला एक म्हातारा सावकार वारला. मुलांनी माळा साफ करताना वडिलांची ताडपत्रे वजनावर विकून टाकली. वसुभट नावाच्या व्यापाऱ्याने तो भारा घेतला. त्याला अक्षरओळख नव्हती, पण त्यावाचून त्याचे काही अडले नाही. सावकाराची पाने म्हणजे कर्जेच, असे धरून वसुलीसाठी त्याने मेघस्वर नावाचा माणूस ठेवला. मेघस्वराने पहिल्या दाराशी हाक दिली, की सातव्या दारची मंडळीसुद्धा ओशाळून आत जात.

नगरीत धरण्याची चाल होती. वसुलीदार उपाशीपोटी दारात बसला, की तो उठेपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही. मेघस्वर एक दिवस बसे. दुसऱ्या दिवशी आवाज उतरवून म्हणे, "कर्जाचं राहू द्या. माझा मान म्हणून एक कवडी टाका, मी उठतो." स्वस्तात सुटलो म्हणून लोक हसत कवडी देत. महिन्याने तोच मेघस्वर येऊन गोठ्यातली गाय सोडून नेई.

कारण न्यायसभेच्या दाराशी राजाच्या आजोबांनी एक शिळा उभी केली होती. दहा वर्षे कोणी न मागितलेले कर्ज मेले, असे तिच्यावर कोरले होते. मात्र त्यापोटी एक कवडी जरी दिली, तरी देणाऱ्याने कर्ज कबूल केले असे समजावे. शिळेला टेकून एक फुलवाली बसत असे. लोकांना फुले दिसत, शिळा दिसत नसे. अक्षरशत्रू वसुभटाला मात्र ती तोंडपाठ होती.

एके दिवशी मेघस्वर उत्पलेच्या दारात बसला. तिच्या आजेसासऱ्याने म्हणे तीनशे कार्षापण घेतले होते. तीनशे म्हणजे नंदक, घाणा आणि वर घराची कौले.

"अगं, चूल का नाही? कोण गेलं?" सासूने विचारले.

"कोणी नाही गेलं! जुनं कर्ज आलंय!"

"सर्ज्या? माझा भाचा? मग त्याला जेवायला वाढ की. दारात काय बसवलंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूला भोवळ आली. उत्पलेने पदराच्या गाठीतून कवडी सोडली आणि ती उंबऱ्यापर्यंत आली. एवढ्यात बोधिसत्त्व काठी टेकत आले आणि मेघस्वराशेजारी बसले.

"उत्पले, ती कवडी मुठीतच ठेव, पोरी."

"काका, एका कवडीनं काय होतंय? म्हातारी उपाशी मरेल."

"एका कवडीनं नंदक जाईल." मग ते मेघस्वराकडे वळले. "कर्जाचं पत्र दाखव, बाबा."

"पत्र मालकाकडे आहे."

"मग घेऊन ये."

"उठलो तर धरणं मोडतं."

"आणि पत्राशिवाय धरणं सुरूच होत नाही. तू दोन दिवस नुसताच उपाशी बसलायस. बरं, कर्ज घेणाऱ्याचं नाव काय?"

मेघस्वर खूप वेळ आठवत राहिला. "तेली," तो म्हणाला.

"या आळीत बैलांखेरीज सगळे तेलीच आहेत."

मेघस्वराला हसू आले, पण पोटात काही नसल्याने ते अर्ध्यावरच राहिले. बोधिसत्त्वांनी हळूच विचारले, "किती वर्षं हे काम करतोस?"

"अकरा. माझ्या बापाचं कर्ज निघालं होतं. त्यापोटी मी एक कवडी दिली, आजोबा. तेव्हापासून फेडतोय."

"त्या कर्जाचं पत्र पाहिलंस?"

इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण त्याचे उत्तर जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचले. "नाही," तो पुटपुटला. "मी विचारलंच नाही."

तो आपणहून उठला. सासूने त्याला सर्ज्या समजून मूठभर तीळगूळ दिला आणि मग तिघे न्यायसभेत गेले.

अमात्यांनी वसुभटाला पत्रे घेऊन बोलावले. उत्पलेचे पत्र म्हणून त्याने मोठ्या रुबाबात एक पान काढले आणि उलटे धरले. बोधिसत्त्वांनी ते सुलटे करून वाचले: "वांगी दोन पाट्या, केळीची पाने चारशे, आचारी भांडकुदळ, पुन्हा बोलावू नये." ती कोणाच्या तरी लग्नाची यादी होती.

"आणि माझ्या बापाचं?" मेघस्वराने विचारले. सभेच्या खांबावरची कबुतरे उडाली.

दुसरे पान निघाले. त्यावर बैलाच्या खोकल्यावरचा काढा होता.

"काका," उत्पला घाईने म्हणाली, "हे तेवढं उतरवून घ्या. नंदक दोन दिवस खोकतोय."

अमात्यांनी वसुभट आणि मेघस्वर दोघांनाही फटके फर्मावले. बोधिसत्त्वांनी हात जोडले. "अमात्य, पाठ सोलून कोणाची गाय परत येत नाही. वसुभटाने प्रत्येक गाय आणि प्रत्येक कवडी घरोघर स्वतः पोचवावी. आणि जिथे जिथे या मेघस्वराने देणे पुकारले, तिथे तिथे त्याने तितक्याच मोठ्याने सुटका पुकारावी."

तसेच ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पलेच्या दाराशी हाक उठली, "ऐका हो! या घरचं कोणाचं काही देणं नाही!" सातव्या दारची मंडळी बाहेर आली. आणि सासू, जिला बारा वर्षांत काही ऐकू आले नव्हते, ती आतून म्हणाली, "मग चूल पेटव की!"

ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वसुभट म्हणजे न वाचलेल्या सूत्रांवर वाद घालणारा हा भिक्षू सुकेत. मेघस्वर म्हणजे पहाटे विहाराला जागे करणारा भिक्षू धम्मरव. उत्पला आणि तिची सासू आज उपासिका होऊन समोर बसल्या आहेत; सासू आजही जेवणाची वेळ तेवढी ऐकते. आणि तो म्हातारा कारकून मीच होतो." भिणाऱ्याला धीर देऊन आधी पत्र पाहणे आणि पाहून झाल्यावर कोणाची पाठ न सोलणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता होय.