माका मागणारी आवडू

फार वर्षांपूर्वी, कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं त्या काळात, आमच्या उंबरखोलात एक लोहारीण होऊन गेली. तिचं नाव आवडू. तिने हात लावला की पांढरा केस काळा व्हायचा, असं म्हणतात. तिच्या कढईतलं पाणी एकदा ओढ्यात सांडलं, तिथे एक बगळा पाय बुडवून उभा होता. तो उडाला तेव्हा पाणकावळा होऊन उडाला, असंही म्हणतात. तुम्हाला पटत नसेल तर ओढ्यावर जाऊन पाहा. तिथे आजही पाणकावळे पुष्कळ आहेत आणि बगळा एकही नाही.

पण गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

आवडू मूळची खाली कोकणातली. मीठ आणणाऱ्या एका बैलवाल्याने सोयरीक जमवली आणि वैशाखात ती दौलू लोहाराची बायको होऊन घाटावर आली. मुलगी कामाची, हसरी, हाडापेराने मजबूत, सगळं काही त्या बैलवाल्याने सांगितलं. एक गोष्ट मात्र तो गिळून बसला. आवडूचे केस वयाआधीच पिकले होते. विशीही गाठली नव्हती आणि निम्मं डोकं पांढरं. कुणी म्हणतात तिने लहानपणी भूत पाहिलं होतं. तसलं काही नव्हतं. तिच्या आईचे आणि मावशीचेही केस असेच लवकर पिकले होते, एवढंच.

पावसाळाभर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. चुलीवरचं काजळ खोबरेल तेलात कालवून ती भांगाला चोळायची. पण भात्यापाशी बसलं की घाम यायचा आणि काजळ कपाळावरून ओघळायचं. लोहाराचं घर, तिथे सगळ्यांचीच तोंडं काळी, म्हणून ते खपून गेलं.

मग दिवाळी आली. पहिली दिवाळी, पण भावाने माहेरी बोलावणं धाडलं नाही. आईबाप नव्हते आणि भावजयीच्या घरात आवडूला जागा नव्हती. आमच्याकडे पहिल्या दिवाळीला सासूने सुनेच्या डोक्याला तेल घालायची रीत आहे. सासू बायजाक्का तेलाची वाटी घेऊन पाठीमागे बसली, सुनेचा पदर खाली केला आणि वाटी तिच्या हातातून निसटली.

बायजाक्का फार कडक बाई. तिचा स्वतःचाही पदर कधी कुणी ढळलेला पाहिला नव्हता. गावात ती समोरून आली की पारावर बसलेली माणसंसुद्धा सावरून बसायची. ती ओरडली नाही. फसवलं आपल्याला, जुनी घोडी गळ्यात मारली, एवढंच म्हणाली आणि निकाल देऊन टाकला. मिठाचे बैल आले की परतीच्या वाटेवर हिला त्यांच्याबरोबर खाली धाडायची, जत्रेच्या आत.

जत्रेच्या आत का, ते सांगतो. आमची ग्रामदेवी ओढाई. मार्गशीर्षात तिची जत्रा भरते आणि त्या दिवशी केसशिंपण असतं. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुना ओढ्यात डोकं बुडवतात, ओल्या मोकळ्या केसांनी देवळापर्यंत चालत जातात आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या पायरीवर केसांचं पाणी झटकतात. हे शिंपण ज्या सुनेने केलं ती गावाची सून. तिला मग नवरा, सासू, पाटील, कुणीही घराबाहेर काढू शकत नाही. म्हणून बायजाक्काला घाई होती. आणि म्हणूनच आवडूला जत्रेपर्यंत टिकून राहायचं होतं. तिला दौलू आवडायला लागला होता, भात्याचा आवाजही आवडायला लागला होता. दौलू बिचारा स्वभावाने चांगला, लाल लोखंडाला घाबरत नसे. आईला घाबरायचा.

आता राहिला सासरा, केरबा लोहार. आयुष्यभर घणाचे घाव ऐकून त्याचे कान बधिर झाले होते. चार शब्द बोललात तर त्याला पहिला ऐकू यायचा, तोही जोरात बोललात तर. आवडू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडून आपल्या कोकणी बोलीत म्हणाली, "माका जत्रेपर्यंत ऱ्हवाक दिया."

मला जत्रेपर्यंत राहू द्या, एवढीच मागणी. पण कोकणात 'माका' म्हणजे मला, आणि घाटावर माका म्हणजे ओढ्याकाठी उगवणारी, बारीक पांढऱ्या फुलांची वनस्पती. केरबाला पहिला शब्द तेवढा ऐकू आला. पोरीला विळ्याने कापलं असेल, पाला लावायचा असेल, असं म्हणून म्हातारा उठला आणि ओढ्यावरून माक्याचा भारा आणून त्याने सुनेच्या पुढ्यात ठेवला.

आवडू बघतच राहिली. मग तिला वाटलं, घाटावरच्या लोकांची ही होकार द्यायची रीत असेल. तिने भाऱ्याला नमस्कार केला.

बायजाक्काने हे दारातून पाहिलं. नवऱ्याने आजवर तिलासुद्धा ओढ्यावरून कधी काही आणून दिलं नव्हतं. तिला वाटलं, म्हातारा सुनेच्या बाजूने उभा राहिला. घरच्या धन्याने हिरवा भारा पुढ्यात ठेवल्यावर तिचा इलाज चालेना. मिठाचे बैल आले आणि आवडूला न घेताच खाली उतरले.

आवडूला मात्र धाकधूक. म्हाताऱ्याचं मन बदलू नये म्हणून ती रोज सकाळी त्याच्यापुढे जाऊन "माका..." म्हणून सुरुवात करायची, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत केरबा ओढ्याकडे चालू लागायचा. अंगणात माक्याचा ढीग साचला. शेवटी एके सकाळी म्हातारा वैतागून म्हणाला, "एवढा माका लावतीस तरी कुठं, पोरी? कापलंय तरी किती?"

तेव्हा आवडूच्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीपासून पहिल्यांदा ती हसली, आणि इतकी हसली की भाता ओढणारा दौलू हातातलं काम टाकून बाहेर आला. होकार कुणी दिलाच नव्हता. पण बैल तर गेले होते आणि जत्रेच्या आत ते परत येणार नव्हते. म्हणून ती शहाणी बाई कुणाला काही बोलली नाही.

सासऱ्याने एवढ्या कष्टाने आणलेला पाला टाकून कसा द्यायचा, म्हणून तिने तो पाट्यावर वाटला. वाटता वाटता तिचे तळवे काळे झाले. राखेने घासले, मातीने घासले, काळेपणा जाईना. आवडू आपल्या तळव्यांकडे बघत बसली. त्या वेळी ओढाईच तिच्या शेजारी येऊन बसली होती, असं म्हणतात.

दिवाळीनंतर लगेच तिने मेंदीही लावून पाहिली होती. मेंदीने पांढरे केस लालभडक झाले होते आणि बायजाक्का म्हणाली होती, आता तर पेटल्यासारखी दिसतेस. या वेळी आवडू सावध होती. तिने दौलूकडे एक पसरट लोखंडी कढई मागितली. कशाला ते त्याने विचारलं नाही. आयुष्यात आईच्या परवानगीशिवाय केलेलं त्याचं ते पहिलं काम. रानातले आवळे आणून, ठेचून, तिने त्या कढईत उकळले, त्यात माक्याचा रस ओतला आणि ते तसंच लोखंडात मुरत ठेवलं. सकाळी पाहिलं तर कढईत अंधार दाटला होता. जिथे मेंदी हरली तिथे लोखंडाने काम केलं. तिने तो लेप डोक्याला थापला, वरून केळीचं पान बांधलं, आणि उन्हं कलेपर्यंत तशीच भाकऱ्या भाजत बसली. धुतल्यावर केस राखाडी झाले. पुन्हा लावला, गर्द झाले. आणखी एकदा लावला, तेव्हा दौलूला ती दारात उभी असलेली ओळखूच आली नाही, असं म्हणतात. कानाच्या पाळ्याही काळ्या झाल्या होत्या, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

हे सगळं भर अंगणात चाललं होतं. बायजाक्का येता जाता बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. तिचं ते न बोलणं आवडूला जास्त भीती घालायचं. रंग तर चढला, पण ओढ्याच्या पाण्यात टिकेल का? आणि पांढऱ्या पायरीवर सगळ्या गावासमोर काळं पाणी पडलं तर? मग गावाची सून होणं दूरच, ओढाईची पायरी विटाळली म्हणून त्याच पावली घाट उतरावा लागला असता.

जत्रेचा दिवस आला. हलगी वाजू लागली. नव्या सुना ओढ्यात उतरल्या. आवडूने डोकं बुडवलं, आणि इतका वेळ बुडवून ठेवलं की काठावरच्या बायका घाबरल्या. ती वर आली तेव्हा पाठीवर ओल्या कोळशासारखे काळेभोर केस होते. ओढ्याचं पाणी थोडं गढूळ झालं, पण एवढ्या सुना उतरल्यावर ते व्हायचंच. ती ताठ मानेने चालत निघाली. ती चाल अजून आमच्या गावातल्या बायका करून दाखवतात.

देवळाच्या पायरीपाशी दोन्हीकडे माणसं दाटली होती. सासवा पुढे उभ्या होत्या, बायजाक्का त्यांच्यात. आवडूने ओढाईला हात जोडले, मान खाली घातली आणि केस झटकले. पांढऱ्या पायरीवर थेंब उडाले. सगळे स्वच्छ, काचेसारखे. आणि मग कानामागून, जिथे धुताना बोट पोचलं नव्हतं तिथून, एक थेंब उशिरा ओघळला आणि पायरीवर पडला. काळा.

आवडूने तो पाहिला.

बायजाक्कानेही तो पाहिला. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या थेंबावर आपला पाय ठेवला.

पुजाऱ्याने बाजूला व्हा म्हटलं, ती हलली नाही. पालखी आली, पालखीलाही तिने वळसा घालायला लावला. माणसं पांगली, हलगी थांबली, देवळासमोरची दुकानं आवरली, तरी ती तिथेच उभी होती, असं म्हणतात. आवडू तिच्या शेजारी उभी होती.

घरी आल्यावर बायजाक्का अंगणात कढईपाशी बसली. मग म्हणाली, "माका."

आवडू आता घाटावरची झाली होती. तिला वाटलं सासूला पाला हवाय. तिने लगबगीने माक्याची जुडी आणून तिच्यापुढे धरली. बायजाक्काने मान हलवली, जुडी बाजूला सारली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

तिचे केस पांढरेशुभ्र होते. दौलूच्या जन्मानंतर, सुनेच्याच वयात, ते पिकायला लागले होते. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठून घरामागे डोकं धुवायची आणि उजाडायच्या आत पदर घट्ट घ्यायची. नवऱ्यालाही तिने ते कधी दाखवले नव्हते. एवढी वर्षं ही बाई कुणाला घाबरत नव्हती असं गावाला वाटत होतं, आणि ती सबंध गावाला घाबरत होती. सुनेचे केस पाहिले तेव्हा तिला वाटलं, आता लोक हिच्या डोक्याकडे बघतील आणि मग माझ्या.

"माका, पोरी," ती पुन्हा म्हणाली, सुनेच्या बोलीत. "माका लाव."

आवडूने लावला. लावताना दोघी रडल्या आणि केरबाला काहीच ऐकू न आल्यामुळे तो जेवायला मागत राहिला.

त्यानंतर आवडूचं नाव घाटावर पसरलं. घोंगडीत तोंड लपवून नवरदेव यायचे, मेण्यातून पाटलिणी यायच्या. एका पाटलाची पांढरी घोडी अंगणात कढईला तोंड लावून गेली आणि घरी पोचेपर्यंत काळी झाली, असं म्हणतात. आवडू सगळ्यांना भर अंगणातच लेप लावायची, आत दाराआड कधीच नाही. लावायचं तर घरच्यांना सांगून लावा, म्हणायची, सोयरीक जुळवताना हे गिळायचं नाही. नवा केस मुळाशी पांढराच उगवणार, पुन्हा यावं लागेल, हेही ती आधीच सांगायची. सत्तरीचा एक म्हातारा आला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं. "आजोबा, तुमचे वेळेवर आलेत," म्हणाली, "माझी कढई लवकर आलेल्यांसाठी."

ती स्वतः म्हातारी झाली तेव्हा तिने आपल्या केसांना लेप लावणं सोडलं. आता केस आले त्यांच्या वेळेला, म्हणाली. मग एका सकाळी माका आणायला म्हणून ओढ्यावर गेली आणि परत आली नाही. ओढाईनेच तिला आपल्या डोक्याला लेप लावायला बोलावून घेतलं, असं म्हणतात. देवीची मूर्ती पूर्वी पांढऱ्या दगडाची होती. आता ती काळी आहे. आणि आवडू जिथून गेली तिथे उन्हाळ्यात ओढा आटला तरी माका हिरवा असतो.

आजही मार्गशीर्षात देवळाची पायरी चुन्याने पांढरी करतात, पण एका जागी बोटाच्या पेराएवढा काळा ठिपका तसाच सोडतात. त्याला हळदकुंकू वाहतात आणि मगच सुना केस झटकतात. संध्याकाळी लोहाराच्या अंगणात तीच कढई चढते. सासवा, सुना, लेकी, शहरातून आलेल्या नाती, हल्ली पुरुषसुद्धा, सगळे डोकं उघडं करून रांगेत बसतात. आमचं गाव घाटावरचं. वर्षभर आम्ही सगळे 'मला' म्हणतो. त्या एका संध्याकाळी मात्र कढईपाशी बसलेली बाई विचारते, कुणाला लावू, आणि ज्याची पाळी असेल तो पदर किंवा टोपी काढून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतो, "माका."