आडखोलचे दोन दिवे

आडखोलच्या खाडीच्या तोंडाशी जो कडा समुद्रात घुसला आहे, त्याच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे दोन खांब आहेत. एक पुढे, दुसरा त्याच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर आणि जरासा उंच. दोन्हींच्या डोक्यावर तेल घालायचा खळगा आहे. वैशाख-ज्येष्ठात दिवेलागण झाली, की तिथून दक्षिणेला, पाण्यापासून थोडा वर, एक ठळक तारा दिसतो. पुस्तकांत त्याला मित्र म्हणतात. गलबते हाकणारे इथले जुने तांडेल दखणतारा म्हणायचे. खांब पाहायला आलेल्या पाहुण्यांना गावचे वृद्ध भार्गव कुबल आधी हा तारा दाखवतात. डोळ्यांना तो एक दिसतो, पण आहेत ते दोन, एकमेकांभोवती फिरणारे, आणि आपल्या सूर्याचे शेजारी म्हणावेत इतके जवळचे, असे दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी सांगितले. आडखोलात मात्र हे दुर्बिणीच्या आधीच एकीला ठाऊक होते म्हणे.

काळ शिडांच्या गलबतांचा. बुधाजी तांडेल नावाचा माणूस इथे राहत असे. मलबारापर्यंत गलबत न्यावे आणि सुखरूप आणावे तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. कड्यावर तेव्हा मागचा एकच खांब होता. तो बुधाजीच्या बापाने बांधलेला, आणि तिथे दिवा लावायचा मान त्याच्या घराचा. बायको द्वारका, तीही तांडेलाचीच लेक. लांबवर दिसणारे शीड कोणाचे, हे ती बंदरातल्या पुरुषांच्या आधी सांगे, अशी तिची नजर.

एका संध्याकाळी नवऱ्याबरोबर दिवा लावायला गेली असता ती ताऱ्याकडे बघून म्हणाली, "तो एक नाय. दोन आसत. एकाक एक चिकटान."

बुधाजीने उभा जन्म त्या ताऱ्यावर सुकाणू धरले होते. तो हसला. पण पुढे महिनाभर तो चोरून बघत राहिला, आणि त्याला एकच दिसत राहिला.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्या मधून एकच चिंचोळी वाट. एका दिव्याने कडा कुठे आहे ते कळे, वाट कळत नसे. दर दोन-तीन वर्षांनी एखादे गलबत फुटे. द्वारकेने त्या ताऱ्यावरून विचार केला आणि गावाला सुचवले, की वाटेच्या नेमक्या रेषेत पुढे आणखी एक दिवा लावा. दोन दिवे वेगवेगळे दिसले तर आपण खडकांच्या अंगाला. दोन्ही मिळून एक झाले, की वाट सापडली. गावाने करून पाहिले. त्या वर्षी एकही गलबत फुटले नाही. पुढच्याही नाही.

मग खलाशी निघण्याआधी बुधाजीला राम राम करून वारा मात्र तिला विचारू लागले. पुढच्या दिव्याला कोणी बारसे करून नाव दिले नव्हते, तरी तो द्वारकेचा दिवा झाला. बापाचा तो नुसता मागचा. वेंगुर्ल्याच्या बंदरात एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला बुधाजीची ओळख करून दिली, ती त्याच्या नावाने नव्हे, बायकोच्या, "हो द्वारकेचो घो" अशी. बुधाजी सगळ्यांबरोबर हसला. घरी तिने वाढलेले ताट त्याने तसेच सारले. काय झाले, तिने विचारले. कालवणात मीठ जास्त आहे, तो म्हणाला. मीठ जास्त नव्हते.

तिने थोडे जरी मिरवले असते, तरी त्याला रागवायला जागा मिळाली असती. तीही तिने ठेवली नव्हती.

एका वैशाखात द्वारका भाच्याच्या बारशाला गलबताने माहेरी गेली. चार दिवसांनी परतायची होती. गावची सगळी गलबते बंदरात आहेत, समुद्रावर आपले कोणी नाही, हे बुधाजीने नीट पाहून घेतले. तिसऱ्या संध्याकाळी त्याने दोन्ही दिवे लावले, थोडा वेळ बसला, मग उठला आणि पुढच्या दिव्यावर करवंटी पालथी घातली. एकच संध्याकाळ, असे त्याने स्वतःला सांगितले. मागे बापाचा दिवा एकटा जळत होता. कित्येक वर्षांत त्याला इतके शांत वाटले नव्हते, असे सांगतात.

वारा चांगला मिळाला म्हणून माहेरचे गलबत एक दिवस आधीच निघाले होते. फळ्या फुटल्याचा आवाज कड्यापर्यंत आला. बुधाजी खाली धावला, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरला. चौघे खलाशी हाती लागले. द्वारका सापडली ती सकाळी.

सातेरी देवीच्या देवळात गाव जमले. त्या गलबताच्या वाचलेल्या तांडेलाने घडले ते सांगितले. द्वारका गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी होती. दिवा एकच दिसत होता. ती बराच वेळ बघत राहिली, उजेड कमी वाटतो म्हणाली, तेव्हा त्याने गलबत थोपवायचे का असे विचारले. त्यावर ती नवऱ्याच्या भरवशाने म्हणाली, "नको. घरकार घराक आसत. दिवे चुकूचे नाय. सरळ घे."

वाऱ्याने पुढचा दिवा गेला असेल, लोक म्हणाले. संशय कोणालाच नव्हता. बुधाजी गप्प राहता तर गोष्ट तिथेच मिटती. तो उठला आणि देवीसमोर जाऊन उभा राहिला.

"वाऱ्यान नाय," तो म्हणाला. "मिया विझवलंय. त्येका तिचा नाव होता म्हणान."

काहींना त्याला वेशीबाहेर घालवायचे होते. शेवटी मानकऱ्यांनी ठरवले, की मागच्या दिव्याचा मान त्याच्या घराकडून गेला. पुढचा दिवा तो मरेपर्यंत लावील आणि जळतो आहे तोवर तिथून हलणार नाही. सत्तावीस वर्षे त्याने तो लावला. सुकाणू पुन्हा हाती धरले नाही. दखणतारा त्याला शेवटी तरी दोन दिसला का, असे पाहुणे हटकून विचारतात. भार्गव कुबल सांगतात, की दिसायला त्याला एकच दिसे. पण कोणी विचारले, की तो दोन सांगे.

आता खाडीच्या तोंडाशी विजेचा दिवा आला आहे आणि होड्यांना या खांबांची गरज उरलेली नाही. तरी आजही वैशाखात दोन्ही दिवे लागतात. आधी पुढचा, आणि तो नीट पेटल्याचे पाहून मग मागचा. पुढच्यापाशी एक माणूस बसून राहतो. वाऱ्याने तो गेलाच, तर हा ओरडून सांगतो, आणि मागचा माणूस लगेच आपल्या हाताने आपलाही दिवा विझवतो. एका दिव्यापेक्षा काळोख बरा, असे आडखोलात म्हणतात.