कागदावर नसलेली झील

आणीबाणीचे दिवस होते. दौलू शाहिरांच्या मागे आम्ही तिघं झीलकरी उभं राहून ओळीओळीला ‘जी जी रं जी’ म्हणायचो. जत्रेत फौजदारांनी पोवाडा तपासला, अर्धा खोडला, सरकारच्या कौतुकाचं कडवं स्वतः लिहून दिलं आणि बजावलं, “कागदावर नसलेला एक शब्दही गायचा नाही!”

शाहिरांनी ते कडवं खणखणीत गायलं. आमच्या तोंडून मात्र ‘जी’ निघेना.

“अरे, ‘जी’ म्हणा की!” फौजदार ओरडले.

शाहिरांनी हात जोडले. “साहेब, तुमच्या कागदावर ‘जी’ कुठंच नाही. परवानगीशिवाय मनातलं म्हणायला बंदी आहे ना?”

अख्खी जत्रा खदखदून हसली.

आता शाहीर नाहीत. पण त्या गप्प राहण्याइतकी सुरेल झील आम्ही पुन्हा कधी धरली नाही.