मडकं ओत, कारभारी

"आमच्यावर विश्वास ठेवा," असं म्हणत जे मडक्याचं तोंड बांधून ठेवतात, ते लबाड असोत वा नसोत, लोकांचा पाहण्याचा हक्क मात्र हिरावून घेतात. ज्याला हे लागेल त्यानं लावून घ्यावं, आणि गोष्ट ऐकावी.

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात दर वर्षी सुगी संपली की सोडत निघायची. प्रत्येक घरानं गावच्या कोठारात मापभर नाचणी ओतायची आणि आपल्या घराची खूण कोरलेली, भाजलेल्या मातीची एक चकती सोडतीच्या मडक्यासाठी द्यायची. ज्याची चकती निघेल त्याला दुभती म्हैस मिळे. कोठारातली नाचणी अडीअडचणीला सगळ्यांच्या पोटात जाई. चकती काढायची ती परगावच्या वाटसरूनं, डोळे बांधून. आणि सोडतीत जो लबाडी करील त्याला वेशीबाहेर घालवत. पुन्हा गावात पाऊल टाकायचं नाही.

सोडत चालवणारा कारभारी तरुण होता आणि सरळ होता. घरोघरच्या चकत्या तो आधीच गोळा करी, मडक्यात टाकी आणि वर फडकं बांधी. त्याच्या बापानंही असंच केलं होतं.

त्या वर्षी एक कासार बांगड्यांचं ओझं घेऊन गावातून चालला होता. त्यालाच पारावर बसवलं, डोळे बांधले. कारभारी फडकं सोडणार, एवढ्यात तेलाचा घाणा चालवणारी म्हातारी उठली.

"थांब रे. आधी मडकं ओत."

"का, आजी?"

"माझी चकती आत आहे का बघायचंय. आणि कुणाची जास्त नाही ना, तेही."

कारभाऱ्याचे कान तापले. "माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर कशाला? मडक्यावर आहे."

लोक हसले, मग वैतागले. "आजे, ऊन चढलंय! म्हैस तूच घे, पण खाली बस," कुणीतरी ओरडलं.

"अशी नको मला. ओत म्हणते ना."

रागारागानं कारभाऱ्यानं मडकं घोंगड्यावर पालथं केलं. जो तो आपली खूण शोधू लागला. माशाची खूण असलेल्या दोन चकत्या निघाल्या होत्या. मासा म्हणजे कारभाऱ्याच्या बहिणीचं घर.

कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. वेस डोळ्यांपुढे दिसू लागली. मग त्याला आठवलं. बहिणीच्या पहिल्या चकतीला तडा गेला, म्हणून तिनं दुसरी आणून दिली होती, आणि पहिली काढायची तो विसरला होता. त्यानं तडा सगळ्यांना दाखवला. "चूक माझी. तिला यातलं काही ठाऊक नाही."

म्हातारीनं ती चकती पायाखाली चुरडली. "उजेडात सापडली, म्हणून चूक म्हणतोय आम्ही. मागाहून कळलं असतं तर चोरी म्हटलं असतं. चला, आता ज्यानं त्यानं आपल्या हातानं टाका."

चकत्या पुन्हा पडल्या. कासारानं मडक्यात हात घालून खूप ढवळलं आणि एक वर काढली.

मासा!

कारभाऱ्यानं डोळे मिटून घेतले. आता गलका होणार. गलका झालाही, पण आनंदाचा. "अगं, म्हैस आधी माझ्या दारावरून ने," शेजारीण त्याच्या बहिणीला म्हणाली, "ताकाला मी रोज येणार, सांगून ठेवते!" एकानंही कुजबुज केली नाही. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं.

कारभारी म्हातारीच्या पाया पडला. "आजी, मघाशी तुझा फार राग आला होता. पण तू उठली नसतीस, तर काही न करता मी आज वेशीबाहेर असतो. तुझे उपकार कसे फेडू?"

"फेडू नकोस. पुढल्या वर्षी पुन्हा राग येईल तुला."

पण पुढल्या वर्षी राग यायला जागाच उरली नाही. कारभाऱ्यानं पारावर रिकामंच मडकं आणलं, सगळ्यांसमोर पालथं करून दाखवलं, आणि पहिली चकती टाकण्याचा मान म्हातारीला दिला.

जो आपल्याला उघडपणे तपासतो, तोच आपली अब्रू राखतो. त्याचे आभार मानावेत.

त्याही वर्षी तोच कासार वाटेनं चालला होता. हे सगळं बघून तो म्हणाला, "आमच्या राजधानीत सोडत पडद्यामागे निघते, आणि दवंडी ऐकून लोक वर्षभर भांडतात. ही म्हातारी आम्हाला चार दिवस उसनी द्याल का?"