चिंचेनं घासलेलं नाणं

एका राजधानीत सदोबा नावाचा एक सराफ राहत असे. त्या राज्यात दरवर्षी कुस्त्यांचं मोठं मैदान भरे, दर वेळी नव्या गावात. यजमान गावाच्या मानासाठी राजा चांदीचं नाणं पाडी. ही नाणी जमवायचं सदोबाला भारी वेड. एवढी धावपळ त्यानं स्वतःच्या लग्नातही केली नव्हती, असं घरचे म्हणत. संच पुरा झाला की सदोबाच्या नावानं दरबारात मांडू, असा राजानं शब्द दिला होता. आता एकच नाणं उरलं होतं, पिंपळघाट गावाचं.

ते तिथल्या तान्हूआजीकडे असल्याचं कळलं. सदोबानं निरोप धाडला आणि मागोमाग स्वतः निघाला.

नाणी जमवणारा जाणकार जुनं नाणं कधी घासत नाही. त्याचा काळेपणा तसाच राहू देतो, नाहीतर बारीक नक्षी झिजते. आजीला हे कुठून ठाऊक असणार? आपल्या गावाचं नाणं मागायला कुणीतरी एवढ्या लांबून येतंय, या आनंदात तिनं ते चिंच आणि राख लावून सकाळभर घासलं. नाण्यावर कोरलेल्या घाटाच्या पायऱ्या झिजून गेल्या, गावाचं नावही पुसट झालं.

सदोबा पोचला आणि त्यानं ते नाणं उजेडात धरून उलटंपालटं पाहिलं. त्यानं पैसे पुढे केले, तर आजी घेईना.

"आमच्या गावाची याद ठेवलीत, शेट," ती म्हणाली. "तुमास्नी काळं नाणं कसं द्यायचं?"

तिची बोटं राखेनं काळवंडली होती. सदोबानं रागाचा शब्द गिळला.

"आजी, इतकं लखलखीत नाणं माझ्यापाशी दुसरं नाही," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

आजीनं त्याला जेवू घातलं. पिंपळघाटला मैदान भरलं त्या वर्षी घरोघरी पैलवान उतरले होते आणि पोरांच्या तोंडचं दूध गावानं त्यांना पाजलं होतं, हे सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सदोबाला भरून आलं.

दरबारात टांकसाळीच्या अधिकाऱ्यानं ते नाणं पाहून नाक मुरडलं. "हे वितळवून टाका. ठसा आहे, नवं पाडून देतो. संच आजच मांडू."

"नको," सदोबा म्हणाला. "बाकीची नाणी मी मिळवली, हे मला प्रेमानं दिलंय. माझा संच मांडला नाही तरी चालेल." आणि त्यानं पिंपळघाटची सगळी हकिकत सांगितली.

राजानं ती ऐकून विचारलं, "आणि बाकीच्या गावांची?"

सदोबाची मान खाली गेली. "ठाऊक नाही, महाराज. तिथून मी नाणी तेवढी आणली."

"मग आधी त्या गावांचे आभार मानून या," राजा म्हणाला. "दरबार थांबेल."

तात्पर्य: हाती आलेल्या वस्तूमागच्या माणसांचे उपकार ज्याला कळले, त्यालाच ती वस्तू खरी मिळाली.