दर दसऱ्याला छाटलेली वेल

उत्तरेच्या डोंगरांना पाठ टेकून बसलेल्या एका राज्यात एक रीत होती: राजाच्या निशाणाहून उंच काही असू नये. राजा धवलकेतू या रितीचा पक्का. झाडं छाटली जात, कळस बुटके बांधले जात.

एकदा थंड मुलुखातून एक जादूगार पाहुणा आला. त्याच्या टोपीत बगळ्याचं लांब पीस होतं. राजानं ते भर दरबारात कातरायला लावलं. पाहुणा हसला. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं हो. हसून उठणारं परवडत नाही.

जाताना त्यानं राजकन्या हेमांगिनीच्या बुरुजाशी एक हिरवी काडी खोवली. म्हणाला, "आमच्याकडे हिला आयव्ही म्हणतात. हिचा चढ संपेल, तेव्हा लेक परत मिळेल."

सकाळी काडीची वेल झाली होती. पानं टोकेरी, पंजासारखी. दांड्याला गोमेच्या पायांसारखी बारीक मुळं. त्या मुळांनी चिरा न चिरा धरला. दार मिटलं, खिडकी मिटली, आत राजकन्या मिटली. तिचा आवाज तेवढा बाहेर येई.

"चढ संपवायचा ना?" राजा म्हणाला. "छाटा शेंडा!"

दर दसऱ्याला, सोनं लुटायच्या आधी, शेंडा छाटला जाई. वेल आडवी पसरे आणि पुन्हा चढू लागे. राणी चारुमती भिंतीला कान लावून बसे.

"आईसाहेब, बाहेर ऊन आहे?"

"आहे गं. तुझ्या वाट्याचं मीच अंगावर घेतेय."

वर्षं गेली. एके दिवशी दरबारात साळुंकी येऊन बसली आणि बोलू लागली.

"राजा, तीन कामं कर. कुऱ्हाडी परत पाठव. शिड्या उतरव. निशाण खाली घे."

"निशाण कशाला?"

"ही वेल अजून लेकरू आहे, आणि लेकरू चढणारच. माथ्यावर, तुझ्या निशाणाच्याही वर, मोकळं ऊन मिळालं की ती वयात येते. मग पानांची टोकं जातात, धरायची मुळं फुटत नाहीत, फुलोरा येतो. फुललेली फांदी चढत नाही. तू दर दसऱ्याला तिचं बाळपण लांबवतोस."

"एका पाखरानं मला शिकवावं?"

"छाटणाऱ्यांनी शिकवलं असतं, तर मी कशाला आले असते?"

दोन कामं त्याच दिवशी झाली. तिसऱ्यापाशी राजा अडला.

"उतरवा ना ते," राणी म्हणाली.

"निशाण उतरतं ते राजा हरल्यावर."

"मग हरा की एकदा. लेकीपुढं हरायला लाज कसली?"

राजा उठून गेला. दसरा आला, शिड्या पुन्हा लागल्या, शेंडा पुन्हा पडला. असे कितीतरी दसरे.

मग एका पावसाळ्यात राणी भिंतीशी बसल्या बसल्याच गेली. तिच्या तेराव्याला राजानं स्वतःच्या हातानं निशाणाची दोरी सोडली. वेल बुरुजावरून वर गेली, उन्हात आली. वरची पानं साधी, बिनटोकांची झाली. शरदात हिरवट पिवळ्या फुलांचे गेंद आले, मधमाश्या आल्या. जुन्या दांड्यांनी चिरे काही सोडले नाहीत, पण दार उघडलं.

हेमांगिनी बाहेर आली. केस पांढरे झाले होते.

"आबासाहेब, आईसाहेब कुठं आहेत?"

राजा म्हणाला, "मी निशाण उतरवलं, बाळ."

"कधी?"

"तिच्या तेराव्याला."

"म्हणजे त्यांच्यासाठी उतरवलंत," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

शाप सुटला. हेमांगिनी गादीवर बसली, ती रीत मोडली, राज्याची घडी बसली. हिवाळा सरता वेलीला काळी फळं धरली. पाखरांनी ती खाल्ली आणि बी रानोरान नेलं. आज तिथं कुणाला विचारा, वेल इथलीच म्हणतील. परकी वेल अशी घरची झाली. घरची लेक मात्र बाप समोर आला की उठून उभी राही, पाहुण्याला म्हणावं तसं "बसा" म्हणे, आणि आत निघून जाई.