तांबटबाईंचा अनुभवाचा दाखला

टपरीवाले, शिंपी, पापडवाल्या बायका यांना परवाने आणि योजनांसाठी मदत करायचं कंत्राट नगरपालिकेने काढलं. मोठमोठ्या कंपन्यांच्या निविदा आल्या, आणि एक आली तांबटबाईंची. या बाई वीस वर्षं पालिकेच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देत होत्या.

मुख्याधिकारी रेवणकरसाहेब सगळ्या कंपनीवाल्यांसमोर हसले. "बाई, अनुभवाचा दाखला कुठाय? सरकारी कार्यालयाचा लागतो. झाडाखाली बसल्याचा चालत नाही."

"साहेब, खाली परवाना खिडकीला फोन लावा," बाई शांतपणे म्हणाल्या. "चहावाला बोलतोय म्हणा."

साहेबांनी गंमत म्हणून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मी चहाची टपरी चालवतो. परवान्याचा अर्ज कसा भरायचा?"

पलीकडून कारकून खेकसला, "ते इथे नाही विचारायचं! फाटकाबाहेर लिंबाखाली तांबटबाई बसतात, त्यांच्याकडे जा. त्यांनी भरलेला अर्ज कधी परत जात नाही."

फोन आपटला गेला. बाईंनी एक कोरा कागद साहेबांपुढे सरकवला.

"दाखला तुमच्याच कार्यालयाने दिला, साहेब. आता तेवढा लेखी द्या."